सात नंबरची सारंग

देवळात शिरताना मी घंटा वाजवत नाही. नातीच्या हे लक्षात आलं तेव्हा तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आजी, तुझा देवावर विश्वास नाही का गं?" म्हटलं, देवावर आहे, स्वतःच्या हातावर नाही. टांगलेली घंटा दिसली की हा हात आपोआप वर जातो, आणि याच हाताने मी एकदा एका सुखी जोडप्याचा संसार बुडवायला निघाले होते. ती म्हणाली, सांग ना. मी म्हटलं, लिहूनच ठेवते. तरुणपणी आजीला अक्कल किती होती, याचा घरात एक लेखी पुरावा राहील.

ते जोडपं म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे दाभोळे. डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची तीन मजली इमारत. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला ते दोघं तिथे राहायला आले. काका बंदरातल्या टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, इंजिन चालवून निवृत्त झालेले, कुमुदताई शाळेत चौथीला शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा श्रीकांत बडोद्याला इंजिनियर. मी तेव्हा एकतीस वर्षांची, इमारतीच्या महिला मंडळाची चिटणीस, आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर माझं मत तयार असायचं. कुणी विचारायची वाट मी बघत नसे.

ते आल्यापासून वरून घंटेचा आवाज येऊ लागला. सकाळी सहाला, साडेसहाला, नऊला, दुपारी जेवणाच्या वेळी, चारला, सातला. कधी एक टोला, कधी दोन, कधी तीन. मी मंडळात जाहीर केलं की वरच्या बाई दिवसातून बारा वेळा पूजा करतात, आपण सगळ्यांनी आदर्श घ्यावा. एका एकादशीला तर नऊ वाजता घंटा ऐकून मी वाटी घेऊन वर गेले. दार कुमुदताईंनी उघडलं. उंच, सडपातळ, नेसलेली साडी जरा वरच, पायात शाळेतल्याच जाड टाचेच्या चपला. हातात देवघरातली पितळी घंटा होती खरी, पण दुसऱ्या हातात पोह्यांचा झारा.

"तीर्थ द्याल का थोडं?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे, वाटीकडे आणि घंटेकडे पाहिलं. "तीर्थ नाही, पोहे आहेत. चालतील?"

मग कळलं ते असं. चौतीस वर्षं काका टगच्या पोटात, इंजिनापाशी होते. वरून सारंग, म्हणजे बोट हाकणारा, घंटा वाजवून हुकूम द्यायचा आणि खाली काका इंजिनाचा दांडा ढकलून-ओढून तो पाळायचे. एक टोला पुढे, दोन थांब, तीन मागे. दोनदा दोन म्हणजे काम संपलं, इंजिन बंद, वर या. घरी आल्यावर काका बाल्कनीत कानस घेऊन पितळेचे तुकडे घासत बसत, आणि हाका मारल्या तर त्यांच्या डोक्यात शिरत नसत. घंटा मात्र वाजली की माणूस हलायचा. म्हणून एक म्हणजे 'या', दोन म्हणजे 'ती खरखर पुरे', आणि दोनदा दोन म्हणजे 'हात धुऊन पानावर बसा'.

"अहो पण देवाची घंटा!" मी.

"देवाला कुठे घाई आहे?" त्या म्हणाल्या. घाईवर त्यांचा राग होता. कुणी लगबग करताना दिसलं की म्हणायच्या, "घाई असेल तर बसने जा." समोरचा पायी जिना उतरत असला तरी.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा काकांनी बंदराच्या लिलावात एक मोडीत काढलेली लाकडी लाँच घेतली. अठ्ठावीस फुटी. मध्ये छोटी केबिन, दोन फळ्यांचे बिछाने, एक स्टोव्ह, खाली डिझेल इंजिन. तिला नाव नव्हतं, फक्त नंबर होता, सात. नाव ठेवायला काका तयार होईनात. "नंबरनेच ओळखतो मी तिला," म्हणाले. आमच्या इमारतीत कुणीतरी मासिकात गोऱ्या म्हाताऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र बोटीचं चित्र पाहिलं होतं, त्यामुळे सगळे कुत्सितपणे 'दाभोळ्यांची यॉट' म्हणू लागले. कुत्सितपणात मी सर्वांत पुढे. माझं म्हणणं, निवृत्त माणसांनी भजनाला जावं, गुडघ्यांना तेल लावावं, फार तर अष्टविनायक करावेत. खाडीत राहायला ते काय चिखलातले निवटे मासे आहेत?

कुमुदताईंनाही सुरुवातीला ती बोट नकोच होती. त्यांना पोहता येत नव्हतं. "मोटार आणली असती तर दारात तरी उभी राहिली असती," एवढंच त्या बोलल्या. बोट हाकायला काकांनी बाळकुमचा काशिनाथ ठेवला. जन्म खाडीत गेलेला कोळी. तो तिसऱ्या दिवशी काम सोडून गेला. काकांचं म्हणणं, मी खालून हलणार नाही आणि घंटेशिवाय दांड्याला हात लावणार नाही. काशिनाथ कुमुदताईंना म्हणाला, "बाय, मी पान्यान जल्मलेला मानूस. घंटी वाजवाला मी देवलान जाईन, इथं कशाला?"

तो गेला, तशा कुमुदताई पदर खोचून सुकाणूच्या चाकापाशी उभ्या राहिल्या. "पंचेचाळीस पोरांचा वर्ग वळवलाय, ही एक बोट वळणार नाही?" त्या दिवसापासून काका बायकोला अहो-जाहो करू लागले. 'सारंग' म्हणायचे. "सारंग काय म्हणतात?" "सारंगांना विचारा." आणि त्या काहीही बोलल्या की ठरलेलं उत्तर, "सांगाल तसं."

भरतीची वेळ त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढत. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती समुद्रावरची भरतीची वेळ. आमच्या खाडीत पाणी आत चढायला आणखी दीड तास. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, अधिक दीड, पावणेदहा. हे त्यांना काशिनाथने त्या तीन दिवसांत शिकवलं होतं. मी आयुष्यभर त्याच कॅलेंडरवर चतुर्थ्या नि एकादश्या शोधत आले होते. त्यात पाणीही लिहिलेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तिथी म्हणजे साबुदाणा भिजवायची आठवण.

पाणी चढलं की दोघं मोठागावच्या धक्क्यावरून निघत आणि तीन-चार दिवस परतत नसत. मोठ्या उधाणाला वर शहाडच्या अलीकडे, एरवी खाली कोलशेत, बाळकुम, कधी घोडबंदर. "तिथे जाऊन करता काय?" मी विचारलं. "काही नाही," त्या म्हणाल्या, आणि ते अक्षरशः खरं होतं. तिवरांच्या आडोशाला नांगर टाकायचा. कालचं वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचं. मुगाची खिचडी. काका पितळ घासणार, त्या शब्दकोडं सोडवणार. नांगरलेली बोट पाणी उलटलं की आपोआप गर्रकन तोंड फिरवते. तिने तोंड फिरवलं की चहा. घड्याळ घरी.

या सगळ्याला श्रीकांतचा विरोध होता. त्याने बडोद्याहून लिहिलं होतं, हौस करा, पण एक जरी अपघात झाला किंवा बाबांना झेपेनासं झालं असं कळलं, तरी मी येऊन बोट विकणार आणि तुम्हा दोघांना इकडे आणणार. ते पत्र कुमुदताईंनी मला वाचून दाखवलं होतं. "तिथे फ्लॅट छान आहे, सून चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण इंजिनाशिवाय हे म्हणजे कपाटातला कोट गं. टांगून ठेवायचा."

आम्ही उभयता एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो, अगदी सुरुवातीला. धक्क्यावर बोट दोराने बांधलेली, खाली इंजिन चालू, कुमुदताई माझ्या हातून डबे घेत होत्या. आमच्या ह्यांनी घंटेची दोरी पाहिली आणि "ही चालते का हो?" म्हणून ओढली. एक टोला. काकांनी तत्काळ बोट पुढे घातली. दोर ताणला, धक्क्यावरचा लाकडी खुंटा मुळासकट उपटून आमच्या मागोमाग पाण्यात आला आणि आमच्या खिचडीचा डबा खाडीत गेला. कुमुदताईंनी दोन टोले दिले तेव्हा बोट थांबली.

"अहो, वर डोकावून बघायचं तरी!" त्या इंजिनाच्या खोलीच्या झाकणातून खाली ओरडल्या.

खालून शांतपणे उत्तर आलं, "बघणं तुमचं काम. मी बघायला लागलो तर हात चुकेल."

आणि खरंच ते कधी बघत नसत. बोट चालू असताना काका वर आले असं कधी घडलं नाही. टगवर चौतीस वर्षं आणि इथे इतकी. माणूस सगळा प्रवास भिंतीकडे तोंड करून करायचा.

कुमुदताईंची आणखी एक लकब सांगायची राहिली. वर्गात पोरं गलका करू लागली की त्या ओरडत नसत, टाच आपटत. जमिनीवर एकदा ठाण्कन आवाज झाला की पंचेचाळीस तोंडं बंद. ती सवय सुटलेली नव्हती. बोटीवर घंटा वाजवताना टोल्यागणिक त्यांची टाच फळीवर पडायची. घरीही तसंच. "नवऱ्यालासुद्धा चौथी-ब समजते ही बाई," असं मी इमारतभर सांगत फिरत होते. पुढे पुढे वरचं हे टाच आपटणं इतकं वाढलं की एकदा आमच्या छताचा पोपडा सुटून आमटीत पडला. मी तो वाटीत घेऊन वर तक्रार करायला गेले. (वाट्या घेऊन वर जाणं हा माझा छंदच होता.) कुमुदताई म्हणाल्या, "हल्ली जरा जोरात वाजवावं लागतं यांच्यासाठी. वय झालं." त्यांनाही तेव्हा त्यापलीकडे काही कळलं नव्हतं.

आता माझा पराक्रम.

चार-पाच वर्षांनंतरची संक्रांत. चिटणीस या नात्याने मी ठरवलं की यंदाचं हळदीकुंकू बोटीवर. आसपासच्या कुठल्याही मंडळाने असलं काही केलेलं नव्हतं, आणि माझ्या लेखी तेवढं कारण पुरे होतं. कुमुदताई म्हणाल्या, सहा जणी ठीक. मी चौदा नेल्या. सगळ्या काळ्या साड्यांत, हलव्याचे दागिने ठेवलेलं तबक घेऊन. धक्क्यावरून बोटीवर एक फळी टाकलेली. इंजिन चालू. कुमुदताई मागच्या बाजूला वाणाचे डबे लावत होत्या. फळीवरून उतरून केबिनच्या दारात पाऊल टाकलं की डोक्यावर ती घंटा.

पहिल्या जोशीवहिनी. दारात घंटा दिसली. हात वर गेला, टण्. दुसरा हात छातीशी. त्यांच्यामागे दुसरी, टण्. तिसरी, टण् टण्. आपल्या बायकांना दारात घंटा टांगलेली दाखवा आणि न वाजवता आत जायला सांगा. साखरेच्या डब्यापुढून मुंगी तरी जाईल. मला तर काय करू नये हे पक्कं माहीत होतं. खुंटा उपटलेला मी याच डोळ्यांनी पाहिला होता. तरी शेवटून तिसरी मी दारात आले आणि, काय सांगू, तीनदा वाजवली. चिटणीस ना मी.

"हात लावू नका! अगं, फळीवर बायका आहेत!" कुमुदताई ओरडत आल्या. मागच्या दोघी खरंच अजून फळीवर होत्या. बोट हलली असती तर हळदीकुंकवासकट खाडीत.

बोट हलली नाही. सतरा-अठरा टोले पडले असतील. इंजिन आपलं एका लयीत धुगधुगत राहिलं.

आम्ही हसत सुटलो. "काकांना बरोबर कळलं, ही बायकांची घंटा!" मी सगळ्यांत मोठ्याने. हसल्या नाहीत त्या एकट्या कुमुदताई. त्या खाली उतरायच्या झाकणाकडे बघत होत्या.

मग त्यांनी सगळ्यांना बसवलं, फळी आत घेतली, दोर सोडला. चाकापाशी उभ्या राहिल्या. मी शेजारीच होते. त्यांनी दोन्ही पाय फळीवर घट्ट रोवले आणि घंटा एकदा वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. काही नाही. मग घंटेची दोरी सोडून दिली आणि नुसती टाच आपटली. बोट पुढे निघाली.

त्या दिवशी हळदीकुंकू छान झालं, असं सगळ्या अजून म्हणतात.

परतल्यावर त्या रात्री वर काय बोलणं झालं ते कुमुदताईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, कारण मी पाहिलेलं त्यांना माहीत होतं. त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, 'घंटा ऐकू येत नाही?' काका म्हणाले, "घंटा बंद होऊन दोन वर्षं झाली. तुमची टाच चालू होती." डावा तळवा वरच्या फळीला टेकवून ते उभे राहत आणि टाचेचे ठोके हाताने मोजत. हळदीकुंकवालाही चौदा जणींची पावलं त्यांच्या हाताला लागली, पण त्यांत सारंगांची टाच नव्हती. मग कशाला हलायचं?

"पण घरी कसं नाही कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"पाच वर्षं हा माणूस प्रत्येक गोष्टीला 'सांगाल तसं' म्हणतोय. ऐकू येत असताना आणि नसताना त्यात फरक काय पडणार?" त्या हसल्या, मग उठून दार लोटून आल्या. "शुभे, श्रीकांतला कळलं तर बोट संपली. आणि बोट संपली की हे. तू काही पाहिलेलं नाहीस."

मी आईची शपथ घेतली. आणि चार दिवसांनी श्रीकांतला पत्र लिहिलं.

का लिहिलं? त्या वेळी मला ते कर्तव्य वाटलं. दोन म्हातारी माणसं, एक बहिरं, एकीला पोहता येत नाही, खाडीत रेतीच्या होड्यांची वर्दळ. कारणं खोटी नव्हती. पण खरं सांगायचं तर एवढी मोठी बातमी पोटात ठेवून मला झोप येईना. पत्राखाली मी 'एक हितचिंतक' अशी सही केली आणि काही शंका राहू नये म्हणून टाचेचाही सविस्तर खुलासा केला.

पुढच्या शनिवारी श्रीकांत हजर. शांत, चष्मेवाला, बापासारखाच कमी बोलणारा. "बाबा, तुम्हाला ऐकू येतं का?" त्याने विचारलं. काका म्हणाले, "सांगाल तसं." तेव्हा ठरलं की रविवारी बोट काढायची, कोलशेतपर्यंत जाऊन यायचं आणि घंटा श्रीकांत स्वतः वाजवणार. आई फक्त चाक धरेल. त्यात काही चुकलं, तर सोमवारी गिऱ्हाईक बघायचं.

शनिवारी संध्याकाळी कुमुदताई खाली आमच्या दारात. "शुभे, उद्या आमच्याबरोबर चल. जरा सोबत." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

रविवारी बोटीवर चढल्यावर त्यांनी मला केबिनमधल्या बाकाकडे बोट दाखवलं. "तू तिथे बस. हलू नकोस." बाकापुढची फळी म्हणजे बरोबर इंजिनाच्या खोलीचं छप्पर. पुढे कुमुदताई चाकाशी, शेजारी श्रीकांत, एक हात घंटेच्या दोरीवर आणि नजर आईच्या पायांवर. पत्रात मी सगळं नीट लिहिलं होतं ना! कुमुदताईंनी मुद्दाम चपला काढून ठेवल्या होत्या. अनवाणी पाय, जोडून, स्थिर. त्यांनी एकदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चौथीत मी त्यांच्या हाताखाली नव्हते, पण उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या मुलीकडे बघावं तसं ते बघणं होतं.

श्रीकांतने एक टोला दिला.

मी टाच आपटली. पायात रबरी स्लिपर. फस्स असा आवाज आला. बोट जागची हलेना. मी साडीच्या आड स्लिपर भिरकावली आणि उघडी टाच जीव खाऊन फळीवर हाणली. बोट निघाली. इंजिनाच्या धडधडाटात मागचा ठोका पुढे ऐकू जायचा प्रश्नच नव्हता.

दोन, मी दोन. एक, मी एक. तीन, मी तीन. श्रीकांत मधेच, काही कारण नसताना, थांबवून बघत होता. मुंब्र्याच्या डोंगराखाली वळणावर समोरून रेतीने भरलेली होडी आडवी आली. त्याने घाईघाईने दोन दिले, लगेच तीन. माझ्या डोळ्यांपुढे टाचेतून काजवे चमकले, पण पाच ठोके दिले. बोट थांबली, मागे सरकली, होडीवाला शिव्या देत निघून गेला. श्रीकांतने दोरी सोडली, कपाळ पुसलं आणि आईला म्हणाला, "बाबांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

धक्क्यावर उतरल्यावर तो माझ्यापाशी आला. "वहिनी, मला एक पत्र आलं होतं. लिहिणाऱ्याचा काहीतरी गैरसमज झाला असावा."

"असेल हो," मी म्हटलं. "लोकांना काय उद्योग नसतात."

तो दोन पावलं गेला, परत वळला. "टाचेला बर्फ लावा," म्हणाला, आणि रिक्षात बसला. त्या रात्रीच्या गाडीने तो बडोद्याला परत गेला आणि बोटीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मी लंगडत घरी आले. कुमुदताई बर्फ घेऊन मागोमाग. "पत्र तूच लिहिलंस ना?"

"हो," मी म्हटलं आणि रडायच्या बेतात आले.

"रडू नकोस, पाय वर घे. श्रीकांतने आल्याबरोबर ते मला दाखवलं. त्यात टाचेचं आलंय म्हटल्यावर तो माझे पाय बघणार, हे उघड होतं. म्हणून तर तुला नेलं. यांना पाटीवर लिहून दाखवलं होतं, 'आज टाच खालच्या शुभाची.'"

"पण मी आपटली नसती तर?"

"सगळीकडे नाक खुपसतेस, म्हटलं, पायही खुपसशील." त्यांनी बर्फ दाबून धरला. "एक सांगू? तुझी टाच कच्ची आहे. तिनाचे अडीच पडत होते."

आम्ही केलं ते बरोबर होतं का, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. श्रीकांतच्या जागी मी असते तर मीही आले असते. पण कुमुदताईंनी त्यानंतर दोन नियम केले आणि कसोशीने पाळले. बोटीवर बाहेरचं माणूस घ्यायचं नाही, आणि रेतीच्या होड्यांची वर्दळ असेल तेव्हा नांगर उचलायचा नाही. घंटेचा लोळा त्यांनी फडक्याने बांधून टाकला. त्यानंतर सहा वर्षं सात नंबर खाडीत फिरली, नुसत्या टाचेवर. एक ओरखडा नाही.

शेवटी काकांचे कान आड आले नाहीत. कुमुदताईंची टाच आली. हाड वाढलं. डॉक्टरांनी मऊ चपला दिल्या आणि आपटणं कायमचं बंद करायला सांगितलं. घंटा नाही, टाच नाही, मग हुकूम द्यायचा कशाने? काका म्हणाले, दुसरी टाच आहे की. कुमुदताईंनी वर्षभर दुसऱ्या टाचेवर काढलं. मग तीही ठणकू लागली. एका सकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून त्या म्हणाल्या, "कान गेले तरी चाललं गं. टाच गेल्यावर नाही चालणार. काशिनाथला निरोप धाडलाय." बडोद्याला जायचं त्यांनी स्वतःहूनच ठरवलं. "श्रीकांतचं घर सातव्या मजल्यावर आहे. सात नंबर काही सुटत नाही."

बोट बाळकुमला काशिनाथच्या धक्क्यावर नेऊन द्यायची होती. मलाही नेलं. नियम मोडून, शेवटचं. पुढे बडोद्याहून पत्रं येत राहिली, पण दोघांना एकत्र मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी.

आता बोट काशिनाथची, म्हणून इंजिनावर तो उतरला. त्याला काही पाटीची गरज नव्हती. कुमुदताईंनी घंटेचं फडकं सोडलं. आणि काका, आयुष्यात पहिल्यांदा, चालत्या बोटीवर वर उभे राहिले. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. कठड्याला न धरता, बायकोच्या एक पाऊल मागे. हवेने डोळ्यांत पाणी येत होतं, पण पुसत नव्हते.

मुंब्र्याच्या वळणावर डोंगर समोर आला. काका बघत राहिले. "हा कधीपासून इथे आहे?"

कुमुदताईंनी हातानेच खूण केली, पहिल्यापासून.

"आणि हे बगळे?"

"तेही!" त्या ओरडल्या. ऐकू गेलं नाही, पण त्यांनी मान हलवली. डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, मागे वळून निघून गेलेलं परत बघायचे. अकरा वर्षांचा रस्ता एका भरतीत बघून घ्यायचा होता.

मधे काशिनाथने झाकणातून डोकं वर काढलं. "बाय, मना घंटी चांगली आयकू येते. पाय कशाला आपटतेस?"

कुमुदताईंनी आपल्या पायाकडे पाहिलं. मऊ चपलेतली दुखरी टाच. "सवय," त्या म्हणाल्या. "तू घंटेकडे लक्ष दे."

बाळकुमचा धक्का दिसू लागला. काशिनाथच्या घरची माणसं नारळ घेऊन उभी होती. काका त्या माणसांकडे बघत, कुमुदताईंकडे पाठ करून उभे होते. धक्का वीसेक हातांवर आला तेव्हा कुमुदताईंनी दोन टोले दिले आणि टाच दोनदा आपटली, हळू, दुखेल तेवढीच.

काकांचा उजवा हात पुढे गेला, हवेत मूठ वळली आणि ती मूठ त्यांनी सावकाश मागे ओढली. त्यांचं लक्ष नारळाकडेच होतं. खालचं इंजिन त्यानंतर थांबलं.